घागर खाली ठेवाची नाई

नाई नाई, परदेशात जाचं असन तं खुशाल जा, माहं काई म्हननं नाई... पन तुमाले सांगतो जी, हातात मोहाची घागर घेऊन जाऊ नोका! लय बेकार काम हाय ते. हसून काऊन राह्यले? तुमाले वाटते, या डोमा म्हाताऱ्यानं कुठला परदेश पाह्यला, याचं तं सारं आयुष्य मोह वेचन्यात आन् धानाच्या बांदीत गेलं... अजी, माहा परदेश इतका जवळ होता, का तिथला कोंबडा आरवला तं आमची कोंबडी मान वर करून पाहे! वर्धा नदी. अलीकडच्या काठावर आमी, चांद्याचे. पलीकडच्या काठावर राजुऱ्याची बाजू, ते मोगलाई. निजामाचं राज जाऊन दोन-चार उन्हाळे झाले होते, पन नाका काई गेला नवता. निजाम उठला, नाका बसूनच होता.

तसं पाह्यलं तं दोन काठांत फरक काय होता? ऊन तेच, साग तोच. वाघ तं इकडं पानी पे आन् तिकडं जाऊन झोपे, त्याले कोनी परवाना मांगितला नाई कधी. तिकडचा मोह फुलला का वास इकडं ये. वासावर जकात नवती, एवढंच आपलं नशीब. पन मानूस निघाला, आन् मानसाच्या हातात काई असलं, का झालं... "ठैरो! क्या है इसमें?" कायदा म्हनजे कायदा, जी! मी काई नाव ठेवून नाई राह्यलो. उलटं सांगतो, त्या नाक्यावरच्या मुनशीजीचं भलं होवो. कुठी असन तिथी त्याच्या ताटात भात असो आन् भातावर वरन असो.

झालं असं, का माहा मोठा पोरगा झिंगू. त्यानं पोरगी पसंत केली, ते नेमकी परदेशातली! आता काय सांगावं... इकडच्या काठावर पोरी नवत्या का? होत्या ना. पन हा तेंदूपानं तोडाले नदीकडं जाये, ते पानं तोडाले नदीकडं ये, मधात पानी. हा इकडून हाक मारे, ते तिकडून हासे. रुखमा तिचं नाव. उन्हाळ्यात पानी आटत गेलं आन् या दोघायचं बोलनं वाढत गेलं. एक दिवस पोरगा येऊन खालमानेनं म्हनते, "बाबा, कोलूमामाच्या घरी मांगनीले कवा जाचं?"

कोलू म्हनजे रुखमाचा बाप. मानूस सोन्यासारखा, पन मान अशी ताठ, का पागोट्यावर पाखरू बसलं तं त्यालेबी वाटावं आपन खुंट्यावर बसलो. त्यानं निरोप धाडला, "डोमाभाऊले सांगा, माह्या पोरीले दुसऱ्या घरूनबी मांगनं हाय. येत्या बाजाराच्या आंधी ज्याची घागर माह्यापर्यंत येईन, पोरगी त्याची."

आन् ते दुसरं घर कुठचं? तिकडच्याच काठचं! त्याले ना नदी, ना नाका, ना मुनशी. घागर भरली, डोक्शावर घेतली, का पोचला कोलूच्या आंगनात! त्यायचे मोह अजून मडक्यात भिजत होते, म्हनून आमाले तेवढी फुरसत, नाईतं तवाच कारभार आटोपला असता. झिंगूनं तं जेवनच सोडलं. सुकरी, माही बायको, ते मले म्हने, "तुमी बसा चिलीम ओढत! पोरगा तिकडं वाळून काडी होऊन राह्यला." मी म्हनलं, "होईन वं, हळूहळू होईन." ते म्हने, "हळूहळूच होईन, पन दुसऱ्याच्या घरी होईन!"

आता तुमी म्हनान, घागर घागर काय लावलं या म्हाताऱ्यानं? तं आमा गोंडांत मांगनी कोरडी होत नाई, जी. मोहाची दारू पायजे, आपल्या झाडाच्या फुलाची, आपल्या घरच्या चुलीवरची. पयला घोट पेनाचा. पेन म्हनजे आमचे देव, आमचे वाडवडील. आमचे पेन आन् पोरीवाल्याचे पेन एका जागी बसून पेले, का ते सोयरे झाले. मंग मागून मानसं सोयरे. आन् आमच्या घरची अजून एक रीत हाय, माह्या आज्याच्या आज्यापासूनची: घागर घरातून एकदा उचलली, का सोयऱ्यापर्यंत जमिनीले टेकवाची नाई. टेकली, का मांगनी मोडली! जिनं दारू काढली तिनं उचलाची नाई. ज्याचं लगन त्यानं शिवाची नाई. म्हनजे सुकरी मोकळी, झिंगू मोकळा, आन् घागर कोनाच्या डोक्शावर? या डोमाच्या!

आमचा शेजारी लटारू, शेतकरी मानूस, पन बल्लारपूरले मालधक्क्यावर हमाली करून आला होता, म्हनून दुनियेतले सारे कायदे त्याले तोंडपाठ. तो म्हने, "अबे डोमा, नाक्यावर जातेस कायले? खालच्या अंगाले झाडी हाय, तिथून चुपचाप निघून जाय ना! सारेच तं नेतेत." मी म्हनलं, "गड्या, तुही-माही असती तं नेली असती. हे पेनाची घागर हाय. चोरवाटेनं नेली तं पेन इचारन, काऊन रे डोमा, मी चोर हाय का?" मालधक्क्यावर असे प्रश्न कोनी इचारत नाई.

मंग मी म्हनलं, पयले कायदा इचारून येऊ. रिकाम्या हातानं गेलो. उन्हाळ्यात नदीचं सारं पानी तिकडच्या काठाले लागे, इकडं नुसती रेतीच रेती. पानी म्हनजे गुडघाभर. त्या पान्याच्या पल्याड, अगदी काठाशी, डाहाळ्यायचा मांडव करून मुनशीजीनं खाट टाकली होती. बारीक मानूस. चष्म्याले एका बाजूनं दोरा. कुठी दूर मुलखातून आलेला, बायको-लेकरं तिकडंच, इथी त्याच्यासंगं बोलाले कोनी नाई. दिवसभर फुटाने खाये आन् लाल फडक्यात बांधलेलं कायद्याचं पुस्तक उशाले ठेवे. दारू तं सोडा, चायबी प्याचा नाई बिचारा.

म्हनलं, "जोहार मुनशीजी. तुमच्या राज्यात दारू आनाचा कायदा काय हाय जी?"

असा पाहून राह्यला माह्याकडं... जशी गाय मानसासारखी बोलली! म्हने, "तुम पूछने को आए? लाने को नै, पूछने को?"

"हो जी, पूछनेकोच."

बाप्पा, काय सांगू तुमाले! त्या मानसाचं तोंडच उजळलं. सारे लोक त्याले पाहून पळेत, लपवेत, खोटं बोलेत, आन् कायदा काय हाय म्हनून कोनी इचारलंच नवतं कधी. खाटेवर मले जागा देली, फुटाने देले, लाल फडकं सोडलं, बोट ओलं केलं आन् वाचाले लागला, "एक आदमी. एक बोतल. मुहरबंद. अपने खुद के पीने के वास्ते. पीनेवाला बोतल के साथ हाजिर होना. इससे जास्ती होना तो परवाना होना. परवाना इधर नै मिलता, हैदराबाद में मिलता. और घर की बनाई हुई..." चष्म्यावरून मले पाह्यलं, "नक्को. बिल्कुल नक्को."

आता पाहा भाऊ! म्हनजे जे कोनं बनवली, कशात बनवली, कवा बनवली, काईच मालूम नाई, ते चालते! आन् जे माह्या बायकोनं माह्या डोळ्यासमोर काढली, जिच्यातल्या फुलाचं झाडबी मी बोटानं दाखवून देईन, ते चालत नाई! इचारलं मी, "असं काऊन जी?" म्हने, "काय को, वो किताब में नै है. सिरफ नक्को है." कायदा म्हनजे कायदा, जी... पन मुनशीजीचं भलं होवो, फुटाने मात्र त्यानं हात भरून देले.

मंग त्यानंच इचारलं, "तुमको किसके पीने के वास्ते होना?"

"आमच्या पेनासाठी जी. देवासाठी."

"देव पीता?"

"पेतो ना जी. त्याच्यासाठीच तं."

पुस्तकात बोट घालून बसला. लय इचार केला त्यानं. म्हने, "पीनेवाला बोतल के साथ हाजिर होना. तुम्हारा देव हाजिर है?"

"आता इथी नाई जी. गावात हाय."

"तो फिर कैसा होता?" असा हळहळला, जसा त्याच्याच घरचा देव तहानेला राह्यला.

घरी येऊन सांगितलं तं लटारू म्हने, "मुहरबंद म्हनला ना? बस! तू सारं माह्यावर सोड." गेला बल्लारपूरले, एका इंजिनेर सायबाच्या बंगल्यामागून विलायती बाटली उचलून आनली. काय बाटली होती! वर कागद, कागदावर सोनेरी वाघ का सिंव्ह... आमाले तं आमच्या जंगलातला नाई वाटला. तिच्यात घरची मोहाची भरली, वरून बूच ठोकलं, बुचावर लाख वितळून टाकली आन् लाखेवर लटारूनं आपल्या अंगठ्याचा ठसा देला. म्हने, "घे मोहर! आता निजाम आला तरी सोडन." मी म्हनलं, घागर नाई, बाटली हाय, हिले खाली टेकवाची रीत लागत नाई, नेऊन तं पाहू. नाक्यावर मुनशीजीनं बाटली उन्हात धरली. पाह्यली. फिरवून पाह्यली. आन् हात जोडले! "अरे बाबा, ये तो विलायती है! अब तो तुम और फँसे. विलायती का महसूल अलग, उसका परवाना अलग, और ये अंगूठा किस कंपनी का है?"

मी म्हनलं, "लटारूचा जी."

चष्मा काढला, पुसला, पुन्ना लावला. म्हने, "अंदर क्या है?" आता देवासाठीच्या वस्तूबद्दल खोटं काय बोलू? म्हनलं, "घरचीच हाय जी." म्हने, "तो घर को लेके जाओ. मैंने नै देखी." पाहा! पकडून ठेवता आलं असतं त्याले. नाई पकडलं. मुनशीजीचं भलं होवो.

आता बाजार उद्यावर आला. तिकडून खबर आली, का दुसऱ्या घरच्यायची धार निघून राह्यली. सुकरीनं माह्यापुढं येऊन घागर भरली. पयल्या धारेची. पेनापाशी फूल वाह्यलं आन् म्हने, "उचला." उचलली. डोक्शावर चुंबळ, चुंबळीवर घागर, मागून सुकरी, झिंगू, आन् कायदा समजवाले लटारू. झिंगू त्या घागरीकडं असा पाहे, जसा तिच्यातच रुखमा बसून हाय. रेती अशी तापलेली का फुटाने पडले असते तं पुन्ना भाजले असते. पान्यातून निघून नाक्यापुढं उभा राह्यलो.

"क्या है इसमें?" मुनशीजीनं इचारलं. आवाजातच समजून गेलो, का त्याले मालूम होतं.

"घरचीच हाय जी. मोहाची. मांगनीची. उद्या बाजार हाय, त्याच्या आंधी कोलूच्या घरी पोचली पायजे, नाईतं पोरगी दुसऱ्याची."

हात कपाळाले लावून बसला. म्हने, "अब की बार तो घड़ा सामने लाके रख दिया तुमने! अब मैं नै देखी कैसा बोलूँ? जप्त करना पड़ता." जप्त हा शबद निघाला आन् लटारू कवा पसार झाला ते कोनाले दिसलंबी नाई. "रखो नीचे."

"खाली ठेवता येत नाई जी."

"काय को?"

"ठेवली तं मांगनी मोडते."

"तो खाट पे रखो."

"खाटेचे पाय जमिनीवरच हायेत जी."

"अरे, तुम्हारे पाँव भी तो जमीन पे है!"

"मानूस जिता हाय जी. खाट मेलेली."

त्यानं पुस्तक उघडलं. पान उलटलं, अजून उलटलं. जप्तीचा माल खाली ठेवल्याबिगर मोजता येत नाई, मोजल्याबिगर लिहिता येत नाई, लिहिल्याबिगर जप्त होत नाई. आन् मी तं खाली ठेवत नाई! म्हने, "बैठो." मी बसलो. घागर मांडीवर घेतली. तोबी बसला. तुमी म्हनान झाडाले टांगाची होती, झाड तं जितं असते. अजी, त्या काठावर नुसते झुडपं, घागर पेलन असं झाड कुठी? असं आमी बसलो समोरासमोर, इकडं मी, तिकडं सरकार, मधात घागर. ऊन चढलं, उतराले लागलं. मले काई घाई नवती, मी तं जन्माचा हळू मानूस. पन सरकार कावलं. वारा आला का घागरीचा वास त्याच्या नाकात जाये, तो नाकाले रुमाल लावे आन् म्हने, "या अल्ला, कैसी चीज है ये!" मी म्हनलं, "चांगली झाली हाय जी, या वर्षी मोह गोड होता."

आन् मंग, आता तुमच्यापासून काय लपवू... म्हातारं शरीर, सकाळपासून बसलेलं, पान्याकाठचं बसनं. मले जाचं होतं. लटारू पळालेला, सुकरीनं उचलाची नाई, झिंगूनं शिवाची नाई. मी असा सरकतो, तसा सरकतो, मांडी बदलतो. मुनशीजीनं पाह्यलं. लेकरासारखं पाह्यलं त्यानं मले. म्हने, "क्या हुआ, बाबा?"

बोटानं दाखवलं. करंगळीनं.

"लाओ इधर," म्हने. "जल्दी आओ."

आन् घागर घेतली ना त्यानं! आपल्या मांडीवर! दोन्ही हातानं कवटाळून, तोंड एका बाजूले फिरवून, जशी कोनं दुसऱ्याचं रडतं लेकरू देलं असन. मी गेलो तिकडं झुडपामागं, आन् माहं काई लवकर होत नाई, वय झालं. तेवढ्यात घाटावर गाड्या आल्या. कापसाच्या, तिळाच्या, काय काय भरलेल्या. गाडीवाले थांबले, का मुनशीजी उठन, पाहीन. तो उठनार कसा? मांडीवर घागर! हातानं इशारा करनार कसा? हात घागरीले! नुसता मान हलवून म्हने, "जाओ जाओ." साऱ्या गाड्या तशाच निघून गेल्या आन् जाता जाता सारे वळून वळून पाहून राह्यले, का मोगलाईचा नाका मोहाची घागर पोटाशी धरून बसला हाय!

मी येतो तं सुकरीनं पदर तोंडात कोंबलेला. म्हनलं, "काय झालं वं?" म्हने, "माय माय! तुमाले काई समजते का? त्यानं घागर मांडीवर घेतली! परक्या मानसानं!" आन् मले खटकन ध्यानात आलं. जी, माह्या घरच्या रीतीत हेबी हाय: वाटेत परक्या मानसानं घागर मांडीवर घेतली, का तो त्या लगनाचा मधला झाला. मधला म्हनजे सोयरीक जुळवून देनारा. आता ते मांगनी पुरी करून देनं त्याच्या अंगावर. नाई केली तं त्यालेच जन्मभर लागून राह्यते. बसलो त्याच्यापुढं, हात जोडले, सारं सांगितलं.

"मैं?" तो ओरडला, पन हळूच ओरडला, घागर हालन म्हनून. "मैं सरकारी आदमी हूँ!"

म्हनलं, "सरकारी असा जी, आमाले काई हरकत नाई."

"मैंने तो तुमको पेशाब को जाने के वास्ते पकड़ा!"

"कोनासाठीबी असो जी. मांडीवर तं घेतली."

झिंगूकडं पाह्यलं त्यानं. पोरगा डोळ्यातलं पानी पुसून राह्यला होता, का नदीचं होतं, कोनाले ठाऊक. मंग त्यानं घागर मले वापस देली, आन् पुस्तक उघडलं. मधला होऊ नये असा कायदा शोधाले. पयल्या पानापासून! फुटानेबी खाल्ले नाई. वाचता वाचता सूर्व्या पार मांडवात घुसला. कुठीच लिहिलेलं नाई, का नाक्याच्या मुनशीनं मधला होऊ नये! पुस्तक मिटलं, असा एक सुस्कारा सोडला आन् म्हने, "तुम्हारे इधर मधला करता क्या है?"

"दोन्ही घरच्यायले एका जागी आनतो जी, आन् दोन्ही पेनाले."

"पेन बाहर आता?"

"येतो ना जी! नदीवर आंघोळीले आनतो आमी."

झालं! तो खाटेवरून असा उठला, जसा विंचू चावला. छत्री उचलली, खाली आला, पान्याच्या कडेले उभा राह्यला आन् छत्रीनं रेतीत रेघ मारली. "देखो. यहाँ से ऊपर मेरा. वो रेती तुम्हारी. और ये पानी..." आभाळाकडं बोट केलं, "उसका. बाहर की दारू अंदर आना नक्को, ये किताब में है. अंदर का देव बाहर जाना नक्को, ये किताब में नै है. कपास है, तिल है, घी है, चमड़ा है... देव नै है." आन् शिपायाले नाक्यावर बसवून तो मानूस त्या उन्हात छत्री उघडून स्वता चालत गेला कोलूच्या गावाले. कायदा म्हनजे कायदा, जी! पन मुनशीजीचं भलं होवो, त्याच्या पायात खडा न लागो.

तिकडं काय झालं, ते कोलूनंच मले मागून सांगितलं. कोलू म्हने, "पोरीचा बाप उतरून पोरावाल्याकडं जात नसते!" मुनशीजी म्हने, "पोरेवाले के पास नै, नदी के पास आओ. आंघोळ को." कोलू ताठ. पन त्याच्या आंगनात सारं गाव गोळा झालं होतं. टोपीवाला, चष्मेवाला सरकारी मानूस, घामानं डबडबलेला, मधला म्हनून दारात उभा! अजी, त्या दुसऱ्या मांगनीत मधला कोन? त्या पोराचा मेव्हना! आन् आमच्या मांगनीत? सरकार! कोलूच्या बायकोनं आतून म्हनलं, "आता उठता, का मीच नेऊ पेन?" आन् कोलूची मान पयल्यांदा वाकली.

दिवस कलला होता. तिकडून ढोल वाजत आला. कोलूचे पेन बांबूवर, मोरपिसं, घंट्या खळखळ. आमच्या गावाकडूनबी लोक आमचे पेन घेऊन धावत आले. कोनं बोलावलं इचारलं तं म्हने लटारूनं. पळाला होता ना तो, पळत पळत गावातच पोचला होता, आन् बोंबलला होता, डोमाले सरकारनं धरलं, पेनालेच घेऊन चला! आमी सारे गुडघाभर पान्यात. जमीन कुठी? पान्याखाली. घागर टेकलीच नाई. पयली धार पेनाले, पान्यात सोडली. मुनशीजी काठावर छत्री घेऊन उभा, एकदम घाबरला. म्हने, "अरे, ये बह के किधर जाती?"

म्हनलं, "खाली जी, सिरोंच्याकडं."

घडीभर इचार केला. म्हने, "ठीक है. उधर का नाका उधर देखेगा."

मोहाच्या पानाच्या दोन्यातून मी कोलूले पाजली, कोलूनं मले. सोयरे झालो! रुखमानं पदराआडून पाह्यलं आन् झिंगूनं त्याच दिशी घरी येऊन तिघायचा भात खाल्ला. पन मधल्यानं पेल्याबिगर मांगनी पुरी होत नाई. आता आली का पंचाईत? तो तं पेत नाई! सारे थांबले, ढोल थांबला. मुनशीजीनं जोडे काढले, पान्यात आला, दोन्यात एक बोट बुडवलं आन् ते बोट कपाळाले लावलं. बस. आमचे पेन खुश, आमी खुश. आन् मंग काय केलं असन त्यानं? काठावर चढाच्या आंधी वाकून ते बोट धुतलं. चोळून चोळून धुतलं! कपाळबी धुतलं! म्हने, "इतनी भी अंदर नै जाना." पाहा असा मानूस! कोलूकडचे सारे डुलत डुलत त्याच्या समोरून मोगलाईत गेले, तं कोनी म्हनलं, "मुनशीजी, हे तं भरून चालले!" तो म्हने, "पेट में है तो सामान नै."

मधल्याले आमी पागोटं देतो. नाई घेतलं. "मैं नौकरी में हूँ," म्हने. पन लगनाच्या दिशी रुखमा नाक्यावरून निघाली, तवा तो खाटेवरून उठून उभा राह्यला. भल्या भल्या मालदारासाठी उठत नवता तो. एका गोंडाच्या पोरीसाठी उठला, आन् ते पान्यात उतरेपर्यंत उभाच होता. रुखमा अजून सांगते लेकराले.

मंग राज्य बदललं जी. आमी चांद्याचे मुंबई राज्यात गेलो, राजुराबी मुंबईत आला. परदेशच संपला! नाका उठला, मुनशीजीची कुठी बदली झाली कोनी सांगत नाई. त्या मांडवाच्या जागी आता कोनाची बकरी बांधलेली असते. आन् आता माह्या धाकट्याची, वारलूची, मांगनी ठरली. पोरगीबी तिकडचीच, रुखमाची चुलत बहीन. मी म्हनलं, चला, या खेपेस डोक्शाले ताप नाई, सरळ उठाचं आन् जाचं! तं लटारू आला धावत, "अबे डोमा, मुंबईचा कायदा इथी लागला! दारूबंदी! दोन्ही काठाले!"

गेलो मी रिकामी घागर घेऊन राजुऱ्याच्या चौकीवर इचाराले. मले तीच सवय, पयले इचाराचं. शिपाई चांगला होता बिचारा. म्हने, "बाबा, घागर तुमी कुठीबी न्या. या काठाहून त्या काठाले न्या, मुंबईले न्या, कोनी अडवत नाई. फकत भराची नाई."

म्हनलं, "नदीच्या मधात चालन का जी?"

"नदीबी आपल्याच राज्यात हाय, बाबा."

आता बोला! दोन राज्यं होते तवा मधात थोडी जागा तं होती, कोनाचीच नसलेली. एक झालं, आन् ते जागाच गेली. मी आपला येता येता त्या जुन्या नाक्यापाशी बसलो, रिकामी घागर मांडीवर घेऊन. खाली ठेवली असती तरी चाललं असतं, रिकामीले कसली रीत? पन नाई ठेवली. मुनशीजीचं भलं होवो... मले पुन्ना करंगळीचं जाचं झालं, आन् पाहा ना जी, समोर नुसती बकरी! तिले म्हनू का आता, जरा धर म्हनून?